गार पाणी

पंचाहत्तर साली, सोलापुरात दाक्षायणीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ आला आणि मांडवामागं आचाऱ्याचं उकळतं पाणी तिच्या लाडक्या खंड्याच्या पाठीवर सांडलं. कुत्र्याचा आक्रोश ऐकून नवरी शालू सावरत धावली.

"हळद लावा! तूप लावा!" बायका ओरडल्या.

"कायबी लावू नगा! नुसतं गार पाणी!" म्हणत ती चिखलातच बसली आणि तांब्यानं पाणी ओतू लागली. कळवळलेला खंड्या तिलाच चावायला बघत होता.

एवढ्यात बाशिंग बांधलेला नवरदेव ईरप्पाच धावत आला. त्यानं खांद्यावरचं रेशमी उपरणं अलगद खंड्याच्या तोंडाला बांधलं, डोकं मांडीवर घेतलं.

"तुमी ओता, मी धरतो."

मांडवातून हाका आल्या, "नवरी कुटं हाय?"

"माझ्यापाशी हाय!" ईरप्पा तिथूनच ओरडला, आणि चिंब भिजलेली दाक्षायणी लाजायचं विसरून हसली.