न सांगता

"ते दोर आपोआप अडकवणारं साधन नको," ती म्हणाली. "त्या दिवशीचंच घ्या."

नवऱ्याच्या मित्राने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग सॅकच्या तळातून जुनं साधन काढलं. दोन भोकांचा धातूचा साधा तुकडा. खालून दोर धरणाऱ्याचा हात सुटला की दोर सुटला.

"कशाला हा हट्ट?"

"भीती मोडायची तर इथेच मोडायला हवी, भाऊजी."

"आणि नाही मोडली तर?"

"तर घरी बसून चहा करेन. तुम्हाला आयताच मिळेल."

तो हसला. हल्ली तो तिला वहिनी म्हणायचं टाळत असे. ती मात्र भाऊजी म्हणायला विसरत नसे.

याच कड्यावरून तिचा नवरा पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. दोर याच मित्राच्या हातात होता. तो पाण्याची बाटली उचलायला वाकला, तेवढ्यात वर चढणारा न सांगता निसटला आणि दोर हातातून सरकत गेला, असं त्याने सांगितलं होतं. तो ढसाढसा रडला होता. सगळ्यांनी त्याची समजूत काढली, सर्वांत आधी तिने. तेव्हापासून तिच्या घरचे गळके नळसुद्धा तोच बघायचा.

त्याने तिची गाठ तपासली, तिने त्याची कडी. ती चढू लागली.

खडक कोरडा होता, तरी बोटं घामेजत होती. खडकात ठोकलेल्या मधल्या बोल्टमध्ये दोर अडकवून ती आणखी वर सरकली.

"पाणी प्या जरा," ती म्हणाली. "ऊन फार आहे."

तो सॅककडे वाकल्याचं तिला काखेखालून दिसलं.

तिचे हात सुटले.

खडक सर्रकन वर गेला, आणि कमरेला हिसका बसून ती लटकली. तोंडातून आवाजही फुटला नव्हता. खाली तो अर्धवट वाकलेलाच होता. डाव्या हातात बाटली, उजवा कमरेशी, दोर ताठ.

ती रडू लागली.

"रडू नकोस," तो मायेने म्हणाला. "न सांगता पडलीस म्हणून काय झालं? झोपेतसुद्धा हा हात सुटत नाही."

तिने डोळे पुसले आणि उरलेला कडा चढून गेली. माथ्यावरच्या कडीत तिने कमरेच्या हार्नेसची स्वतःची पट्टी अडकवली, दोनदा ओढून पाहिली. आता त्याच्या हातातल्या दोराची गरज नव्हती.

"भाऊजी," तिने वरून विचारलं, "मग त्या दिवशी कसा सुटला?"