मास्तरांची मूठ

फादर प्रार्थना आटोपून इस्पितळातून परत गेले तेव्हा टेलरमास्तरांच्या बायकोला चार दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. सलाईनची बाटली बदलणाऱ्या सिस्टरला ती म्हणाली, "पाहिलंस ना गं? फादर म्हणाले, सगळ्या पापांचा मनापासून पश्चात्ताप होत असेल तर माझा हात दाबा. आणि यांनी दाबला. असा दाबला की फादरना दुसऱ्या हाताने बोटं सोडवून घ्यावी लागली."

सिस्टर मनाने चांगली होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"ते काहीही दाबतात, आजी," ती म्हणाली. "सकाळी चादर बदलताना माझ्या ॲप्रनचा बंद धरून ठेवला होता. काल डॉक्टरांचं पेन. मेंदूत रक्तस्राव झाला की होतं कधीकधी असं. तळहाताला काही लागलं की मूठ मिटते. तान्ह्या बाळाची मिटते तशी."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. पण आता उपयोग नव्हता. आजी मटकन खुर्चीत बसली होती.

मास्तर डोळे मिटून पडले होते. वाचा पहिल्याच दिवशी गेली होती, श्वास तेवढा घरघरत चालू होता. आजीने उशाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांची मोजपट्टी काढली. चाळीस वर्षं ती त्यांच्या गळ्यात असे. तिचं एक टोक तिने त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटली. तिने पट्टी ओढून पाहिली. येईना.

मग तिने फादरना फोन लावला. फादर दुसरीकडे एका बाप्तिस्म्यासाठी पोचले होते, तासाभरात परत येतो म्हणाले. सिस्टरने मास्तरांची नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा नाडीवर बोट ठेवलं.

"दुसरं घर केलं होतं यांनी," आजी एकदम म्हणाली. "बारा वर्षं. दुकान बंद केलं की तिकडे. मी रोज मनातल्या मनात नरकात पाठवायचे यांना. कधी भाजी चिरता चिरता, कधी कपडे वाळत घालताना. काही वाटायचं नाही. आणि आज भीती वाटतेय. तिथली आग विझत नाही गं. शिक्षा भोगून संपली असंही होत नाही. आत गेलेला माणूस गेलाच."

"देव बघतोय ना सगळं, आजी."

"त्याला दिसतंय. मला कुठे दिसतंय? यांना पश्चात्ताप झाला की नुसती मूठ मिटली, कोण सांगणार मला?" तिने पदराने नाक पुसलं. "आणि मला तरी काय हवंय, तेही कळेना. माफी न मागता सुटले तर मला राग येईल. आणि जळावेत असंही वाटत नाही."

सिस्टर बाटलीकडे वळली. ती सलाईनचे थेंब मोजत उभी राहिली.

आजीने मोजपट्टी कशीबशी सोडवली, आपला हात मास्तरांच्या हातात दिला आणि त्यांच्या कानाशी वाकली. "अहो, पश्चात्ताप झाला असेल तर दाबा."

मास्तरांनी दाबला.

"झाला नसेल तर दाबा."

तेवढ्याच जोरात दाबला. सिस्टरने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच समजत नव्हतं.

आजी मात्र विचारात पडली होती. जन्मभर मास्तरांची शिवण उलटूनपालटून तपासलेली बाई ती. थोड्या वेळाने म्हणाली, "धरणं आपोआप होतं म्हणालीस. सोडणंही होतं का आपोआप?"

"नाही. सोडायला त्यांना जमतच नाही. आम्हालाच सोडवावं लागतं."

"मग झालं तर," आजी म्हणाली आणि पुन्हा वाकली. "अहो, मी बोलतेय. फादरनी सगळं ठोकात विचारलं. मी एकच विचारते. त्या बारा वर्षांचं वाईट वाटत असेल, तर माझा हात सोडा."

काही झालं नाही. पंखा कुरकुरत होता. शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकला आणि कुशीवर वळला. आजीची बोटं मास्तरांच्या मुठीत पांढरी पडत चालली होती.

"सोडा ना," ती म्हणाली. "मी नाही रागवत."

ती वाट बघत राहिली. मग करंगळी सैल झाली. तिच्या शेजारचं बोट सैल झालं. आणि एकेक करत सगळी बोटं सुटली, अगदी सावकाश.

"सोडला," आजी म्हणाली. "सिस्टर, सोडला यांनी. तू बघितलंस ना?"

सिस्टर केव्हाच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. तिने मास्तरांचं डावं मनगट धरलं होतं. ते खाली ठेवून तिने गळ्याजवळ बोटं लावली आणि थांबली. डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पापण्या उघडून पाहिल्या आणि मान हलवून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

सिस्टरने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि कागद पुढे ओढला.

"सिस्टर," आजी म्हणाली, "आधी काय झालं? बोटं सुटली, की हे गेले?"

कागदावर वेळेसाठी दोनच चौकोन होते, एक तासाचा आणि एक मिनिटांचा. सिस्टरने चार लिहिलं, बारा लिहिलं आणि पेन धरून तशीच उभी राहिली. मास्तरांच्या उघड्या तळहातावर आजीने आपला हात अजून तसाच ठेवला होता.