गार पंचा

सायकलच्या शर्यतीत उतरणारच, असं ऊर्मीनं शाळेत छातीठोक सांगून टाकलं होतं. पण चेन्नईच्या उन्हात रस्त्यावर जाणार कोण? आईबाबा अंबत्तूरला कामावर गेले, की ती रिकाम्या घरात स्टँडवरच सायकल हाणायची, मागे पाण्याची बादली ठेवून, मानेवर ओला पंचा टाकून. तो लगेच वाळायचा.

आज ती डोळे मिटून पेडल मारत असताना कुणीतरी वाळका पंचा उचलून गार, पिळलेला ठेवला.

"थँक्स, आई. लवकर आलीस."

तेवढ्यात हाताशी ठेवलेला फोन वाजला. "ऊर्मी, मी ऑफिसातच अडकलेय. कडी लावलीस ना? एकटीला कंटाळा येतोय का गं?"

समोर दाराची कडी लावलेलीच होती. मागे बादलीत काहीतरी बुचकळल्याचा आवाज आला.

"नाही गं," ऊर्मी म्हणाली, आणि तिनं मान थोडी पुढे झुकवली.