लाल ठिपका

“उघडूनच बघू,” वैदेही म्हणाली, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या हेमचंद्रांनी कठडा घट्ट धरला.

पुडकं त्यांचंच होतं. कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्यांनी ते सकाळीच खाली आणून टाकलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर दोरा, आणि दोऱ्याशेजारी लाल पेनाने रंगवलेला ठिपका. हा नियम वैदेहीनेच काढलेला. ती बिल्डिंगची नवी सेक्रेटरी. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, आणि पॅड वगैरे कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका देऊन तिसऱ्या डब्यात. म्हणजे कचरा नेणाऱ्या दुर्गाला ते उघडून बघावं लागू नये. हेमचंद्रांनी बँकेतली सगळी नोकरी नियमावर बोट ठेवून केली होती. ऑपरेशननंतर त्यांना डायपर लागायला लागले तेव्हा त्यांनी मुलीलाही कळू दिलं नाही, पण ठिपका मात्र रोज न चुकता दिला, तोही चांगला गोल.

एवढं जड पुडकं, आणि रोज, असं वैदेही सगळ्यांना सांगत होती. तिचं म्हणणं, ठिपका दिसला की कुणी उघडत नाही, म्हणून कुणीतरी घरचा सगळा कचरा त्याच्या आडून खपवतंय. वेगळा करायचा कंटाळा, दुसरं काय. रविवार होता, त्यामुळे ऐकायला माणसं जमली होतीच. फुकटच्या तमाशाला गिरगावात गर्दी कधी कमी पडत नाही. तळमजल्यावरच्या विनीतने तर हातमोजे चढवून कात्रीही आणली होती. दुर्गा म्हणाली, ताई, राहू द्या ना, मी नेते तसंच. तिचं कुणी ऐकलं नाही.

ते माझं आहे. हेमचंद्रांना एवढंच म्हणायचं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळेत चड्डी ओली झालेल्या पोरासारखा उभा होता.

“हात लावू नको त्याला.”

चर्चमधून परतलेल्या सेसिलियाबाई दारात उभ्या होत्या. त्या हेमचंद्रांच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या, आणि सेक्रेटरी असो की नगरसेवक, सगळ्यांना ‘तू’च म्हणायच्या.

“माझं आहे ते. मोठ्या माणसांचे डायपर. अजून काय बघायचंय तुला, बाय?”

विनीतने कात्री पाठीमागे नेली. वैदेहीचा चेहरा पडला. मग ती पुढे झाली आणि तिने सेसिलियाबाईंचा हात हातात घेतला.

“सॉरी आंटी. खरंच सॉरी. आणि यात लाजण्यासारखं काय आहे? माझ्या बाबांनाही लागतात.”

मग कुणाच्या सासूला लागत होते, कुणाच्या मामाला. बोलता बोलता बऱ्याच घरांतल्या म्हाताऱ्यांची नावं निघाली, आणि कुणीही हसलं नाही.

हेमचंद्र ऐकत होते. त्यांच्या वाट्याचा दिलासा दुसऱ्याच कुणाला मिळत होता. आता बोलायला काहीच हरकत नव्हती, तरी ते बोलले नाहीत. लाज अजून वाटत होती, पण ती आता डायपरची राहिली नव्हती.

“काका, तुम्ही समोरच असता ना,” वैदेही जाता जाता म्हणाली. “आंटींकडे जरा लक्ष ठेवत जा.”

“हो,” ते म्हणाले. “ठेवेन.”

जिना चढताना सेसिलियाबाई दर मजल्यावर दम घ्यायला थांबत होत्या, आणि हेमचंद्र त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून. वर पोचल्यावर त्यांनी कसंबसं विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे.

“मेडिकलवाला एकदा चुकून माझी बेल मारून गेला. पार्सल मीच तुझ्या दाराशी ठेवलं. बेल नाही मारली.”

“मी सांगतो सगळ्यांना. उद्याच सांगतो.”

“सांग,” सेसिलियाबाई कुलूप काढत म्हणाल्या. “नाही जमलं तर माझ्याकडे दे. मी नेईन खाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्रांनी पुडकं बांधलं, लाल पेनाने ठिपका रंगवला, चपला घातल्या. खालून वैदेहीचा आवाज येत होता. ते जिन्याच्या तोंडापर्यंत गेले. मग मागे फिरले, पुडकं सेसिलियाबाईंच्या दाराशी ठेवलं, आणि बेल न वाजवता घरात येऊन हलकेच दार लावून घेतलं.