चवथीनंतरचं वजन

"आधी वजन करा. चहापाणी मागाहून," सगुणने वृद्धाश्रमाच्या दारातच सांगून टाकलं.

आईला, कमलाक्षीला, त्याने दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर, कदेलावर, धड टेकूही दिलं नाही. गणेशचवथीचे पाच दिवस तिला सर्वण गावातल्या आपल्या घरी नेऊन तो आज परत पोचवायला आला होता. खिशात कागद होता. नेताना त्याने इथल्याच काट्यावर तिचं वजन करून घेतलेलं. काटा खरा आहे ना, म्हणून आधी स्वतः चढलेला. तो सत्त्याहत्तर, आई त्रेचाळीस. खाली देखभाल करणाऱ्या ताराची सही.

सगुणचा या वृद्धाश्रमावर काडीचा विश्वास नव्हता. डाळीत पाणी घालतात, इसवण माशाची शेपटी म्हाताऱ्यांना आणि मधल्या तुकड्या यांच्या स्वतःच्या ताटात, अंगावर वळ उठले की पावडर फासून झाकतात. डिचोलीच्या बाजारात आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला हेच ऐकवायचा. पुरावा तेवढा नव्हता. म्हणून ही युक्ती. पाच दिवस घरच्या नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं पोटात गेलं की काटा वर सरकणार. मग कागद आश्रमाच्या समितीपुढे आपटायचा आणि विचारायचं, पाच दिवसांत माझी आई भरते, मग तुम्ही तिला वर्षभर घालता तरी काय?

"पाठही बघून घ्या," तो म्हणाला. "मागाहून काही निघालं तर घरी झालं म्हणू नका."

तारा सावंतवाडीकडची, पंधरा वर्षं याच कामात मुरलेली. ती काही बोलली नाही. हेही सगुणला खटकलं. मनात काळंबेरं नसतं तर बाईने उलट उत्तर दिलं नसतं?

ताराने कमलाक्षीला काट्यावर चढवलं आणि हात सोडून ती बाजूला झाली. सगुण वाकून बघत राहिला, ताराचा पाय तर काट्याला लागत नाही ना.

साडेएक्केचाळीस.

"काटा बिघडलाय."

"तुमी उभे रवा मगे," तारा म्हणाली.

सगुण चपला काढून चढला. अठ्ठ्याहत्तर. काटा ठीक होता. नेवऱ्या अंगी लागल्या होत्या, पण त्याच्या.

"काय केलंत माझ्या आईला?" तो ओरडला. आणि मग त्याचं त्यालाच आठवलं, पाच दिवस ती इथे नव्हतीच.

ताराचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने कमलाक्षीच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. जीभ बघितली. कोरडी ठाक.

"आजी, पाणी पिऊक नाय मा तू?"

कमलाक्षीने मुलाकडे बघून घेतलं. "प्यायले गो."

"खोटा सांगू नको."

म्हातारी ताराच्याच कानाशी बोलल्यासारखी म्हणाली, "लघवीला जायचं तर न्हाणीला तीन पायऱ्या उतरून जावं लागतं. सुना नैवेद्याच्या सोवळ्यात. मला धरून न्यायचं म्हणजे बिचाऱ्यांना परत आंघोळ. मीच शिकवलंय ना त्यांना ते. मग कमीच पीत गेले."

"मला हाक मारायची! मी घरातच होतो ना?"

"मारली रे पुता. आरत्या चालल्या होत्या तुमच्या."

हे ताराने पढवलं असणार, असं सवयीने सगुणच्या डोक्यात आलंच. पण पढवणार कधी? दारातून आत येऊन दहा मिनिटं झाली नव्हती, आणि तेवढा वेळ त्याने ताराला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताराने त्याच्या हातातला कागद घेतला. त्रेचाळीसच्या खाली साडेएक्केचाळीस लिहिलं, तारीख घातली आणि कागद पेनासकट त्याच्यापुढे धरला.

"सगुणबाब, आता सही तुमची."

त्याने पेन घेतलं. सही काही होईना.

ताराने पाण्याचा काचेचा कोप भरून आणला. कमलाक्षीने तो दोन्ही हातांनी धरला आणि मध्ये श्वासही न घेता तळापर्यंत रिकामा केला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदराने टिपलं, आणि कोप पुढे केला.

"आणखी एक दे गो तारा. इथे प्यायलं तर चालतं."