दिनानाथरावांचे मालक

मध्यभारत राज्य झालं आणि इंदूरच्या सगळ्या कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या निघाल्या. दिनानाथ शेवडे तेव्हा कापडगिरणीत गठ्ठ्यांवर छाप रंगवत होते. मुकादम कधी रजाच देत नाही, म्हणून त्यांनी नोकरी सोडली, पाट्यांचा ठेका घेतला आणि छत्रीबागेत घरोघरी सांगत सुटले, "आता आपण कोणाचे नोकर नाही, भिया. आपले आपण मालक!"

पुढच्याच महिन्यात हातोदला त्यांच्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या, भाच्याची मुंज निघाली. सुलोचनाबाईंनी ट्रंक भरली.

"जमायचं नाही," दिनानाथराव म्हणाले. "काम तुंबलंय. रजा मिळणार नाही."

"आता कोण देत नाही रजा?"

"मालक."

मुंजीच्या दिवशी सकाळी सुलोचनाबाईंनी दार उघडलं, तर दिनानाथराव स्वतःच्याच ओट्यावर संपाला बसलेले. हातात लाल अक्षरांची ताजी पाटी, 'रजा मिळालीच पाहिजे'. तोंडानं मालकाच्या नावानं मुर्दाबाद चालू. रातपाळी करून घरी निघालेले गिरणीवाले दोघे-तिघे सवयीनं शेजारी बसले आणि "भिया, झुकना मत," म्हणून त्यांना धीर देऊ लागले.

हातोदची बस सुटायची वेळ झाली. सुलोचनाबाई ट्रंक घेऊन ओट्यावर आल्या आणि रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, पुरे झाला तमाशा. देऊन टाका ना ती रजा!"

दिनानाथरावांनी पाटी खाली ठेवली.

"अगं, माझ्या हातात असतं तर कधीच दिली असती."