हळकुंड

"मावशी, मंगळसूत्र काढा, त्याची सावली मणक्यावर पडते," मी तिसऱ्यांदा ओरडलो. हिंगोलीतल्या दवाखान्यात तेव्हा मी एक्स-रे काढायचो आणि एक फिल्म आधीच वाया गेली होती. पाठीतून वाकलेल्या कालिंदीबाई गळ्याशी मूठ आवळून म्हणाल्या, "मालक जिते हायेत माझे. गळा मोकळा न्हाई ठेवणार." बाजारात हळद विकायला आलेल्या नवऱ्याने खिशातलं नमुन्याचं हळकुंड काढलं, उपरण्याचा धागा ओढला आणि तिथंच ते त्यांच्या गळ्यात बांधलं. "लग्नातबी असेच हात कापत व्हते," म्हणत बाईंनी मंगळसूत्र त्यांच्याकडे दिलं. या वेळी फिल्म स्वच्छ आली: हाडं विरळ झालेली, एक मणका दबलेला. डॉक्टरांनी औषधं लिहून दिल्यावर मी म्हणालो, "आता घाला मंगळसूत्र." हळकुंड पदराखाली सरकवत बाई लाजल्या. "ते ऱ्हाऊ द्या त्यांच्याच खिशात. हे आज बांधलंय त्यांनी."